दोनदा पडलेला सोडा

आमच्या घरी लक्ष्मीपूजन होत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते घरातून गेलं. पण सुट्ट्या काही गेल्या नाहीत. पुण्याचा भाऊ बायकोपोरांना घेऊन त्याच आठवड्यात येतो, नागपूरची मावशी येते, आणि माझ्या शिकवणीच्या पोरांच्या आया फराळाचे डबे आणून देतात. डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यासाठी आमच्याकडे एकच पदार्थ ठरलेला आहे, भट्टीवरची नानखटाई.

आमच्या मोहाडी गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बेकरी आहे. वर्षभर तिथे पाव आणि टोस्ट निघतात, पण दिवाळीच्या आधीचे आठ दिवस ती भट्टी गावाची होते. बाया घरून तूप-साखर फेसून, मैदा मळून, गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून आणतात आणि नंबर लावतात. तिथेच जमिनीवर बसून काळ्या ट्रेवर बिस्किटं थापायची, बेकरीवाले काका ती आत सरकवणार, भाजून बाहेर काढणार, आणि आपण ती पत्र्याच्या पिप्यात भरून घरी न्यायची. सकाळी गेलेली बाई कधीकधी दिवेलागणीला परतते.

हे काम कायम आईचं होतं. मागच्या दिवाळीत तिचे गुडघे सुजले आणि ते माझ्याकडे आलं. मी लगेच हो म्हणाले, याचं तिला नवल वाटलं. खरी गोष्ट अशी की मला घरातून पळायचं होतं.

अधिकारी होण्याच्या परीक्षेचा निकाल लागून अकरा दिवस झाले होते. यादीत माझा नंबर नव्हता. त्याची सवय होती, सतरा वर्षं मी त्या यादीत नव्हतेच. पण या वेळी वयाची मर्यादाही ओलांडली होती. आता फॉर्म भरायचा म्हटलं तरी भरता येणार नव्हता. आणि घरी मी सांगून बसले होते की निकाल अजून लागायचा आहे. रोज सकाळी चहाचा कप हातात देताना आई विचारायची, "लागला का वो बाई?" आणि मी म्हणायचे, "नाई अजून." बाबा काही विचारत नसत. पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून त्यांनी उभं आयुष्य साहेबांच्या टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवले होते. त्या टेबलाच्या पलीकडे आपली पोरगी बसेल, एवढीच त्यांची इच्छा. ते विचारत नसत, म्हणून त्यांच्यासमोर बसणं जास्त कठीण होतं.

मला लाज वाटत होती. लोक म्हणतात दुःख होतं, खचायला होतं. ते नंतर झालं असेल. त्या अकरा दिवसांत मला फक्त लाज वाटत होती, त्रेचाळीस वर्षांच्या बाईला वाटू नये इतकी. घर दोन खोल्यांचं, मागे स्वयंपाकघर. एका खोलीत आई खाटेवर, दुसऱ्या खोलीत बाबा पेपर घेऊन. मी अंगणात गेले तर शेजारीण कुंपणावरून विचारणार. पुस्तक उघडून बसावं तर ते पुस्तकच आता कशासाठी, हे मला एकटीला माहीत. तरी मी बसत होते, पानं उलटत होते, आणि आई लंगडत येऊन माझ्यासाठी दुधाचा कप ठेवत होती.

रविवारी मी विहारात जात असे. तिथे एक निवृत्त नर्स आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवतात. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. मी त्यांच्या नादी लागले ते शांती बिंती मिळावी म्हणून नाही. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. ताईंना हे माहीत होतं आणि त्या हसायच्या. निकालाचं मी त्यांनाही सांगितलं नव्हतं, पण चेहऱ्यावरून त्यांनी काही ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "डोये मिटून बसनं तुमच्यानं आता होत नाई. हातानं काई करा. जे हातात हाय ते पाहा. चांगलं हाय का वाईट, ते नका ठरवू. फक्त पाहा."

म्हणून मी ठरवलं, नानखटाई तरी लक्ष देऊन करायची.

भट्टीच्या दिवशी सकाळी मोठी परात घेऊन स्वयंपाकघरात खाली बसले. तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसायला घेतली. आधी साखर खरखरते, मग हळूहळू खरखर जाते, तूप पिवळ्याचं पांढरं व्हायला लागतं. मन निकालाकडे जायचं, मी त्याला परत परातीत आणायचे. पुन्हा जायचं, पुन्हा आणायचे. दहा-पंधरा मिनिटं तर खरंच असं झालं की फक्त हात होता आणि तूप होतं. त्या दिवसांत एवढं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं, हे मी कबूल करते.

आई खाटेवरून सूचना देत होती. मैदा दोनदा चाळ, थोडं बेसन घाल, विलायची आता नको, शेवटी. आणखीही काही सांगत होती. मी अर्धंच ऐकलं. आईचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी निकालावर येऊन थांबायचं, म्हणून मध्येच मी म्हणाले, "समजलं मले," आणि दार लोटून घेतलं. उरलेलं मोबाइलवर पाहिलं. मोबाइलवरच्या बाईनं मैद्यात सोडा घातला, मीही घातला, तिच्यासारखाच सपाट चमचा भरून.

आमच्याकडे घरी सोडा घालत नाहीत. तो भट्टीवर काका घालतात. त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा असतो, त्यात त्यांचं स्वतःचं मिश्रण. प्रत्येकीचा गोळा ते हातात घेतात, दाबून पाहतात, अंदाजानं चिमूट टाकतात आणि चार हात मारून परत देतात. भट्टी किती तापली आहे हे त्यांना माहीत, म्हणून सोडा किती हेही त्यांनीच ठरवायचं. मोहाडीतल्या शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक आहे. मला नव्हतं. मी या सगळ्या दिवाळ्या पुस्तकात डोकं घालून काढल्या होत्या.

मी पोचले तेव्हा बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दार एकच, त्यातही बाया बसलेल्या. मला आत भिंतीजवळ जागा मिळाली. एका बाजूला पिप्यांची उतरंड, दुसऱ्या बाजूला भट्टीचं तोंड. एकदा बसल्यावर उठायचं म्हटलं तर दहा जणींना उठवावं लागलं असतं. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, साठीची असेल, धानाच्या कापणीवरून थेट आल्यासारखी, पातळाला गवताची कुसळं चिकटलेली. त्या दिवसाची अर्धी रोजी बुडवून आली होती. नात मागे लागली होती म्हणून पहिल्यांदाच भट्टीवर आली, म्हणाली. गोळा माझ्यासारखाच, जेमतेम एका ट्रेचा. समोर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई होती. तिची पोरगी माझ्याकडे शिकली आणि दोन वर्षांपूर्वी तलाठी झाली.

"मॅडम, तुमी कशा काय इकडे?" तिनं विचारलं. "तुमचा निकाल लागला म्हनते माही पोरगी."

"दुसरा लागला," मी म्हणाले. "आमचा बाकी आहे."

इतकं सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

मग काका गोळा तपासायला आले. त्यांनी माझं फडकं उघडलं, गोळा दाबला, जरा थांबले. "घरून काई टाकून तं नाई आनलं ना, मॅडम? सोडा गिडा?"

तेवढ्यात कोणीतरी हसलं. "घरून कोन टाकते बाप्पा."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. हो म्हणायला काय हरकत होती? काकांनी सोडा टाकला नसता, संपलं असतं. पण मला येत नाही हे सांगणं माझ्या जिभेला जमत नव्हतं. "नाही," मी म्हणाले. काकांनी चिमूट टाकली, चार हात मारले, गोळा परत दिला.

ट्रेवर बिस्किटं थापली. इथे प्रत्येक घराची खूण असते. कोणी काट्यानं रेघा ओढतं, कोणी चारोळी लावतं, आई शिशीच्या झाकणानं गोल उमटवते. मीही तसेच गोल उमटवले. शेजारची बाई अंगठ्यानं दाबत होती, प्रत्येक बिस्किट वेगळं, मन लावून. ट्रेच्या कडेला काका खडूनं नंबर लिहितात, पण तो आत-बाहेर करताना पुसला जातो. म्हणून शेवटी खूण पाहूनच ट्रे ओळखायचा. आमचे दोघींचे ट्रे एकाच वेळी आत गेले.

आता पाहत बसण्यापलीकडे काही नव्हतं. भट्टीची धग उजव्या गालावर येत होती. मी श्वासाकडे पाहायचा प्रयत्न केला. श्वासात तूप, घाम आणि जळालेली साखर. सोडा दोनदा पडला आहे हे मला माहीत होतं. उठून सांगावं असं तीनदा वाटलं. तीनदा मी बसून राहिले. समोरची तलाठ्याची आई पोरीच्या ऑफिसाच्या गोष्टी सांगत होती आणि मी मान हलवत होते. दाराकडे पाहिलं तर तिथे आणखी चार बाया येऊन बसल्या होत्या.

काकांनी लांब दांड्याच्या फळीवर ट्रे बाहेर ओढले. चार ट्रे ओळखू आले, बायांनी घेतले. दोन उरले. एका ट्रेवर छान फुगलेली, वर बारीक भेगा पडलेली नानखटाई होती, जशी व्हायला हवी तशी. दुसऱ्या ट्रेवर नानखटाई नव्हतीच. सगळं वितळून एकमेकांत गेलं होतं, कडेपासून कडेपर्यंत तपकिरी पापडी, मध्ये फोड आलेले. खूण बीण काही उरली नव्हती.

"ये किसका है? कोनाचा हाय हा?" काका म्हणाले.

मी बोलले नाही.

काकांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. विचार करायला त्यांना वेळ लागला नाही. खूणही न पाहता चांगला ट्रे माझ्यासमोर ठेवला. "हे घ्या मॅडम." आणि त्या बाईला म्हणाले, "मावशी, तुमचं पीठ बिघडलं जी. पहिल्यांदा आल्या ना. तूप जास्त झालं असन."

मावशीनं माझ्यासमोरच्या ट्रेकडे पाहिलं. मग आपल्यासमोरच्या पापडीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "माहंच चुकलं असन." आणि नखानं पापडी उचकटायला लागली.

यापुढचं सांगायला मला अजूनही जड जातं. मी गप्प बसले एवढंच असतं तरी चाललं असतं. मी पिप्याचं झाकण उघडलं आणि ती चांगली बिस्किटं भरायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आत कुठेतरी हिशोब चालू होता की नंतर हिला काहीतरी देऊ, घरी बोलावू, नातीला फुकट शिकवू. सहावं बिस्किट हातात घेतलं तेव्हा सवयीनं ताईंचं बोलणं आठवलं आणि मी हातात जे होतं ते पाहिलं. त्यावर अंगठा होता. रुंद, एका बाजूला दाबलेला अंगठा, मध्ये चिरेची रेघ. विळा धरणाऱ्या हाताला अशी चीर पडते. चांगलं की वाईट हे ठरवायचं नाही, फक्त पाहायचं, असं ताई म्हणाल्या होत्या. मी पाहिलं, आणि मला ते बिस्किट पिप्यात टाकता येईना, ट्रेवर ठेवता येईना. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. समोरची म्हणाली, "काय झालं वो मॅडम?"

"हा ट्रे माझा नाही," मी म्हणाले. आवाज फार बारीक निघाला, म्हणून परत म्हणाले. "हा मावशींचा आहे. तो बिघडलेला माझा आहे. मी घरून सोडा टाकून आणला होता आणि काकांना नाही म्हणून सांगितलं."

 कोणीतरी हसेल असं वाटलं होतं, कोणी हसलं नाही. काका डोक्याला हात लावून उभे राहिले. मी भरलेली बिस्किटं पिप्यातून काढून परत ट्रेवर ठेवली आणि ट्रे मावशीकडे सरकवला. मला वाटलं ती हसेल, किंवा म्हणेल जाऊ द्या. ती रागावली.

"मले दिसत होते माह्या अंगठ्याचे ठसे," ती म्हणाली. "पन म्हटलं, मॅडम कायले खोटं बोलतीन. मंग मले वाटलं माह्याच डोयाले दिसत नाई बरोबर. घरी जाऊन पोरीले काय सांगू, हेच पाहत होती मी. तुमी पयलेच काहून नाई बोलल्या?"

मी माफी मागितली. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. बिस्किटं फडक्यात बांधली, दहा जणींना उठवत वाट काढली आणि गेली. तिचं बरोबरच होतं.

मग मी माझा ट्रे ओढून घेतला आणि पापडी उचकटायला लागले. उलथनं लागेना, इतकी ती पत्र्याला धरून बसली होती. नुसते तुकडे निघत होते. एक तुकडा तोंडात टाकला. साबणासारखा कडवट लागला. मी तो थुंकला नाही, सावकाश चावला, पूर्ण गिळला. सतरा वर्षांत मी स्वतःची अशी चव कधी घेतली नव्हती. पेपर खराब गेला तर कधी तो फिरवून काढलेला असायचा, कधी सेंटर लांब पडलेलं असायचं, कधी तब्येत. हा तुकडा मात्र दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"निकालही लागला," मी समोरच्या बाईला म्हणाले. "तुमची पोरगी बरोबर सांगते. अकरा दिवस झाले. माझं नाव नाही. आता वयही संपलं."

तिनं पदर खोचला. मग माझ्या ट्रेच्या दुसऱ्या कडेला उलथनं लावून खरवडू लागली. तेवढंच. मला फार बरं वाटलं असं लिहायला आवडलं असतं, पण मला तेव्हाही तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि दारात अजूनही बाया बसलेल्या होत्या. फरक इतकाच होता की आता कोणी काही विचारलं तरी मला उत्तर शोधावं लागणार नव्हतं.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आईनं खाटेवरूनच विचारलं, "कशी झाली वो?"

"बिघडली," मी म्हणाले. "सोडा दोनदा पडला. आनि आई, निकाल लागला. माहं नाव नाई."

आई उठून बसली. गुडघ्याला धरून, हळू. "कदी लागला?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस तू एकटीच घेऊन बसली हे? मी रोज विचारून राहिली होती आनि तू एकटीच?" ती रडली. नावासाठी रडली की त्या अकरा दिवसांसाठी, मी विचारलं नाही. मी तिच्याजवळ खाटेवर बसले. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "बाबाले तूच सांग. माह्यानं नाई होनार."

बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते. मी सांगितलं. उभी राहूनच सांगितलं, साहेबांसमोर ते उभे राहत असतील तशी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खुर्चीखालून एक चपटा डबा ओढून माझ्यासमोर उघडला. आत पेपरची कात्रणं होती. परीक्षांच्या जाहिराती, चालू घडामोडी, शिष्यवृत्त्या, कोणत्यातरी खेड्यातल्या पोरीनं कसं यश मिळवलं त्याच्या बातम्या. कडा कात्रीनं सरळ कापलेल्या, प्रत्येकावर पेननं तारीख. त्यातली काही ते माझ्या टेबलावर ठेवायचे, ती मी पाहिलेली होती. पण एवढी असतील हे मला माहीत नव्हतं.

"सकाळी पाच वाजता उठतो मी," बाबा म्हणाले. "पेपर येतवरी वाट पाहतो. मंग वाचतो. मंग कापतो. नऊ वाजतेत." ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. "आता मी सकाळी काय करू?"

मी सतरा वर्षं उत्तरं पाठ केली होती. येत नसलेल्या प्रश्नालाही काहीतरी लिहून यायचं, जागा कोरी सोडायची नाही, हे पोरांनाही मीच शिकवत आले होते.

"मले माहीत नाई, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले.